गरम पाण्याची धार बारीक का होते?



या सदरात आम्ही नेहमी लागण, बेणे, खोडवा, हुमणी आणि ठिबक यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा घरातला आहे. आपल्या कार्यक्षेत्रात तांब्याचा बंब माळ्यावर गेला आणि स्लॅबवर सोलर बंब आला. जळण वाचले, धूर गेला, घरातल्या बायामाणसांची पहाटेची धावपळ कमी झाली. पण गट ऑफिसात उसाच्या नोंदीचे काम आटोपले, की उठता उठता हळूच प्रश्न येतो, "साहेब, सोलर बसवला खरा, पण पाणी करंगळीएवढं येतंय. बादली भरेस्तोवर माणूस गारठतो!"

हा प्रश्न शेती खात्याचा नाही, असे म्हणून आम्ही पूर्वी तो हसण्यावारी नेत असू. किंवा वरवर बघून काहीतरी सांगून मोकळे होत असू. असाच एक न तपासता दिलेला सल्ला एका सभासदाला महागात पडला. ती हकीकत पुढे येईलच. त्या दिवसापासून मात्र आम्ही हा विषय नीट समजून घेतला. तेव्हा ध्यानात आले, की यात नवे असे फार थोडे आहे. ठिबकच्या शेवटच्या लॅटरलला पाणी का पोचत नाही, हे ज्याला कळते, त्याला घरातल्या नळाचे दुखणेही कळेल. शेतात प्रेशर गेज बघून फिल्टर धुणारा शेतकरी घरात मात्र फिटरच्या तोंडाकडे बघत बसतो. तसे होऊ नये, म्हणून हा पाठ.

दाब कुठून येतो?

गुरुत्वाने येणाऱ्या पाण्याचा दाब फक्त उंचीतून येतो. टाकीतील पाण्याची पातळी आणि नळाचे तोंड यांच्या उंचीत १० मीटर फरक असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. म्हणजे १ मीटर उंचीला १०० ग्रॅम. टाकी ५०० लिटरची असो की ५००० लिटरची, त्याने दाबात फरक पडत नाही. मोठी टाकी बसवली म्हणजे पाणी जोरात येईल, ही समजूत चुकीची आहे. विहीर रुंद केल्याने मोटारीचा हेड बदलत नाही, तसेच हे.

एका साध्या घराचा हिशेब करू. घर एकमजली आहे. स्लॅब जमिनीपासून ३ मीटर उंच आहे आणि गार पाण्याची टाकी स्लॅबवर दीड मीटर उंचीच्या स्टँडवर आहे. म्हणजे टाकीचा तळ जमिनीपासून साडेचार मीटर झाला. न्हाणीतला नळ पाऊण मीटर उंचीवर धरला, तर उंचीतला फरक पावणेचार मीटर, म्हणजे दाब सुमारे ३७५ ग्रॅम. शॉवर २.१ मीटर उंचीवर असतो. तिथे फरक उरला २.४ मीटर, म्हणजे दाब २४० ग्रॅम. आता याच घरावर दुसरा मजला चढवला आणि टाकी त्या मजल्याच्या स्लॅबवर फूटभर उंच विटांवर ठेवली, तर वरच्या मजल्यावरच्या शॉवरला उंचीतला फरक जेमतेम सव्वा मीटर मिळेल. खाली धो-धो आणि वर थेंब-थेंब, अशी तक्रार येते ती यामुळे. तिथे नळ किंवा सोलर बदलून काही होणार नाही.

ठिबकला आपण साधारण १ किलो दाब धरतो. घरात त्याचा चौथा हिस्सासुद्धा कधी कधी नसतो. म्हणून शेतात जो थोडासा अडथळा जाणवत नाही, तोच घरात धार बारीक करतो.

पाणी कोणत्या वाटेने जाते?

दोष शोधण्याआधी एकदा स्लॅबवर चढून पाण्याची वाट डोळ्यांखाली घालावी. गार टाकीतून एक पाइप सोलरच्या टाकीत खालच्या बाजूने जातो. नळ्यांमध्ये किंवा पॅनेलमध्ये पाणी तापते, हलके होऊन वर चढते आणि टाकीच्या वरच्या भागात साठते. तिथूनच गरम पाण्याची लाइन घरात उतरते. खालून गार पाणी आत येते, तेव्हाच वरून गरम पाणी बाहेर पडते. म्हणून गरम पाण्याचा दाब हा खरे तर गार टाकीचाच दाब असतो. सोलरची टाकी ही वाटेवरची एक खोली समजा. काही ठिकाणी मध्ये फ्लोट बसवलेली छोटी टाकी असते. तिथे उंची त्या छोट्या टाकीपासून मोजावी.

सोलरच्या टाकीवर एक उभी नळी असते. तिला व्हेंट म्हणतात. ती टाकीचे नाक आहे. पाणी तापले की फुगते. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापले, तर सुमारे ४ लिटरने वाढते. ही वाढ व्हेंटमध्ये चढते किंवा गार टाकीकडे परतते. उलट आत पाणी कमी पडले, तर याच नळीतून हवा आत येते. या नळीविषयी आम्ही पुढे पुन्हा बोलणार आहोत.

आधी मोजा, मग पाना धरा

"पाणी कमी येतं" एवढ्यावर कोणताही दोष सापडत नाही. एक १५ लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. घरातले सगळे नळ बंद करा. मग एकाच नळावर प्रथम गार आणि नंतर गरम पाण्याने बादली भरायला किती वेळ लागतो, ते मोजा आणि वहीत लिहा. प्रत्येक नळावर असेच करा. अर्ध्या तासाचे काम आहे.

गरम पाण्याची वाट लांबची असते, म्हणून थोडा फरक राहणारच. गारला २ मिनिटे आणि गरमला अडीच मिनिटे लागली, तर त्यात चिंता नाही. पण गारला २ आणि गरमला ५ मिनिटे लागत असतील, तर दोष नक्की आहे आणि तो गरम बाजूला आहे.

आता वहीतल्या आकड्यांवरून पुढीलप्रमाणे ओळखावे :

१) गार आणि गरम दोन्ही सगळीकडे कमी : उंची कमी आहे, किंवा टाकीतून निघणारा मुख्य पाइप अथवा व्हॉल्व्ह तुंबला आहे.

२) एकाच नळाला कमी, बाकी ठीक : दोष त्या नळातच आहे.

३) गरम सगळीकडे कमी, गार ठीक : सोलरचे व्हॉल्व्ह, गरम लाइनीतला क्षार, किंवा लाइनीत अडकलेली हवा.

४) गरम सुरुवातीला जोरात, मग एकदम बारीक : सोलरच्या टाकीत गार पाणी पुरेसे येत नाही.

५) नळ सोडल्यावर फुसफुस, दोन-चार थेंब आणि मग बंद : हवा अडकली आहे.

६) मिक्सरवर गरमची चावी सोडूनही गारच पाणी येते : गार पाणी गरम पाण्याला मागे रेटते आहे.

दोष आणि त्यावरचे उपाय

नळाची जाळी : नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. वाळू, गंज, क्षाराचे कण तिच्यात अडकतात. जाळी सोडवून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात किंवा व्हिनेगारमध्ये तासभर बुडवावी आणि जुन्या दातब्रशने घासावी. शॉवरची चाळणीही अशीच साफ होते. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असा आमचा अनुभव आहे.

अर्धवट उघडे व्हॉल्व्ह : टाकी धुताना बंद केलेला व्हॉल्व्ह परत पूर्ण उघडला जात नाही. जुन्या गेट व्हॉल्व्हची तर आतली पाचर तुटून खाली पडते. वरची चावी फिरते, पाणी मात्र अडलेलेच राहते. अशा व्हॉल्व्हच्या जागी पूर्ण तोंडाचा बॉल व्हॉल्व्ह बसवावा. वर चौथ्या क्रमांकाची खूण दिसली, तर पहिला संशय सोलरला गार पाणी देणाऱ्या व्हॉल्व्हवर घ्यावा. मध्ये फ्लोटची छोटी टाकी असेल, तर फ्लोट अडकला आहे का तेही बघावे. सोलरच्या टाकीत येणारे पाणी कमी आणि जाणारे जास्त झाले, की आतली पातळी गरम पाण्याच्या तोंडाखाली जाते. मग जेवढे येते तेवढेच बाहेर पडते.

क्षार : आपल्या भागातल्या पुष्कळ विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड आहे. अशा पाण्यात विरघळलेला चुना असतो. पाणी तापले, की तो विरघळलेला राहत नाही आणि पांढरा थर होऊन बसतो. ड्रिपरच्या तोंडाशी दिसतो तोच हा थर. आपल्या कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना थर बसतो, तो काढण्यासाठी हंगामात ठराविक दिवसांनी गाळप थांबवावे लागते. घरातली गोष्ट वेगळी नाही, फक्त तिथे सफाईची पाळी कोणी लावलेली नसते.

या थराने किती फरक पडतो? १५ मिलिमीटर पोकळीच्या पाइपला आतून सगळीकडे २ मिलिमीटर थर बसला, तर पोकळी ११ मिलिमीटर राहते. डोळ्यांना वाटते, चांगला मोकळा आहे की पाइप! पण तेवढ्याच दाबाने पाणी आता निम्म्याहून कमी जाते. कारण घर्षण हे पोकळीच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. उलट बाजूने पाहा. सोलरपासून न्हाणीपर्यंत अर्धा इंचीऐवजी पाऊण इंची लाइन टाकली, तर पाणी जवळपास दुप्पट येते. म्हणून नवीन घर बांधताना मुख्य गरम लाइन पाऊण किंवा १ इंचाची ठेवावी आणि नळाजवळ आल्यावरच अर्धा इंच करावी. प्रत्येक एल्बो म्हणजे जवळपास अर्धा मीटर जादा पाइप. दहा एल्बो झाले, की साडेचार-पाच मीटर लाइन फुकट वाढली, असे समजावे.

जुन्या लोखंडी लाइनीत क्षार आणि गंज दोन्ही साठतात. ती धूत बसण्यापेक्षा बदललेली बरी. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी किंवा पीपीआर पाइप वापरावा. शेतातला उरलेला साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्याला कधीही लावू नये. तो तापून नरम पडतो, वाकतो आणि सांध्यात गळतो.

इथे एक इशारा. ठिबक धुण्यासाठी आपण जे आम्ल वापरतो, ते सोलरच्या टाकीत ओतण्याचा मोह होतो. हायड्रोक्लोरिक आम्ल स्टेनलेस स्टीलला खाते. क्षार जातो, पण पाठोपाठ टाकीलाही बारीक भोके पडतात. टाकी धुण्याचे काम कंपनीच्या माणसाकडून, त्यांच्या पद्धतीनेच करून घ्यावे.

अडकलेली हवा : तापलेल्या पाण्यातून विरघळलेली हवा सुटते. लाइन कुठे उंच होऊन परत खाली उतरत असेल, तर त्या उंचवट्यात हवा साठते आणि पाण्याला वाट देत नाही. नदीवरून उचललेल्या पाण्याच्या लाइनीला प्रत्येक टेकावर आपण एअर व्हॉल्व्ह का बसवतो? त्याचे कारण हेच. घरात उपाय दोन. तात्पुरता उपाय असा : सोलरचा व्हेंट मोकळा आहे याची खात्री करावी, मग गार आणि गरम नळ रबरी नळीने जोडून दोन्ही मिनिटभर उघडावेत. गार पाणी गरम लाइनीत उलटे शिरते आणि हवेला वर ढकलून व्हेंटवाटे बाहेर काढते. कायमचा उपाय म्हणजे लाइन सोलरपासून नळापर्यंत सतत उताराची करणे. पॅरापेटवरून किंवा दरवाजाच्या चौकटीवरून लाइन चढवून उतरवलेली असेल, तर ती बदलावी. बदलता येत नसेल, तर उंचवट्यावर उभी मोकळी नळी काढून तिचे तोंड गार टाकीच्या वर न्यावे.

मिक्सरमधली कुरघोडी : इथे मिक्सर म्हणजे न्हाणीतला, चटणीचा नव्हे. पुष्कळ घरांत गार नळाला गावच्या योजनेची थेट लाइन किंवा मोटारीची लाइन जोडलेली असते आणि गरम पाणी मात्र टाकीच्या उंचीवर येते. एका बाजूला १ किलो दाब, दुसऱ्या बाजूला पाव किलो. एका जुवाला खिल्लारी बैल आणि वासरू जुंपल्यासारखे हे आहे. दोन्ही चाव्या सोडल्या, की गार पाणी गरम लाइनीत घुसते, सोलर गार पडतो आणि कधी कधी व्हेंटमधून पाणी वाहू लागते. नियम एकच लक्षात ठेवावा : ज्या टाकीतून सोलरला पाणी जाते, त्याच टाकीतून न्हाणीच्या गार नळालाही पाणी द्यावे. ते जमत नसेल, तर गरम लाइनीत उलट पाणी अडवणारा हलका व्हॉल्व्ह बसवावा. पण असा व्हॉल्व्ह थोडा दाब स्वतःच खातो, हे धरून चालावे.

आमची चूक

आता ती हकीकत. तीन वर्षांपूर्वी शिवारफेरीत एका सभासदाच्या आडसाली लागणीत उभे असताना त्यांनी विचारले, "साहेब, घरावरच्या सोलरच्या नळीतनं रात्रंदिवस पाणी ठिबकतंय, काय करू?" घर बांधालाच होते. आम्ही खालूनच वर पाहिले. आम्हाला घाई होती, पुढच्या गावची फेरी राहिली होती. आम्ही म्हणालो, "नळीला बूच मारा, थांबेल."

बूच मारले, पाणी थांबले. आमच्या डोक्यातून विषय गेला.

खरे कारण असे होते. सभासदांनी दाब वाढावा म्हणून जुनी गार टाकी काढून उंच स्टँडवर नवी टाकी बसवली होती. व्हेंटची नळी मात्र जुन्याच उंचीची राहिली. टाकीतली पातळी नळीच्या तोंडापेक्षा वर गेल्यावर पाणी वाहणारच. पाणी आपली पातळी गाठते, हे आम्ही शेतकऱ्यांना पाट काढताना सांगतो, आणि तिथे आम्हीच विसरलो. नळी दोन फूट वाढवली असती, तर काम झाले असते.

दिवाळीच्या तोंडावर घरच्यांनी गार टाकी धुवायला काढली. सोलरला जाणारा व्हॉल्व्ह बंद केला. खाली कोणीतरी गरम पाण्याचा नळ सोडला. वरून पाणी येईना, नाकातून हवा येईना आणि खालच्या नळातून मात्र टाकीतले पाणी ओढले जात होते. सोलर आणि नळ यांच्यात ४ मीटर उंची असेल, तर ही ओढ दर चौरस मीटरला ४ टनांपर्यंत जाऊ शकते. आतल्या टाकीचा पत्रा पातळ असतो. बाहेरचे कव्हर जसेच्या तसे दिसत होते, पण आतली टाकी पोचा आलेल्या डब्यासारखी चेपली आणि शिवण सुटली. पहिल्या आंघोळीच्या पहाटे त्या घरात पुन्हा चूल पेटवावी लागली.

आम्ही भेटायला गेलो. सभासद रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, उसात तुमचं ऐकून कधी नुकसान झालं नाही, म्हणून घरातही ऐकलं." आम्ही खर्चात वाटा देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही. चहा मात्र दिला. तो चहा आम्हाला अजून आठवतो.

ज्या गोष्टीचे कारण आपण पाहिले नाही, तिच्यावर उपाय सांगू नये, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. सभासदांसाठी त्यातून नियम असा : व्हेंटच्या नळीला बूच, चावी किंवा टोपण कधीही लावू नये. नळीचे तोंड गार टाकीच्या वरच्या काठापेक्षा निदान १ फूट उंच असावे आणि खाली वळवलेले असावे, म्हणजे पालापाचोळा आत जाणार नाही. गांधीलमाशा आणि मुंग्या तोंडाशी घर करतात, ते अधूनमधून पाहावे. आणि सोलरचा गार व्हॉल्व्ह बंद करण्यापूर्वी घरात सगळ्यांना गरम नळ न सोडण्याविषयी सांगावे.

प्रेशर पंप बसवावा का?

उंची वाढवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. त्याला वीज लागत नाही, भारनियमनातही तो चालतो. १ मीटर उंची म्हणजे १०० ग्रॅम दाब. पण १००० लिटर पाणी म्हणजे १ टन वजन. स्टँड कॉलम-बीमवर यावा, मोकळ्या स्लॅबच्या मध्यावर नको. टाकी उंच केली, की व्हेंटही उंच करावा. हे आता सांगायला नको.

उंची वाढवता येत नसेल, तर पंप. पण स्लॅबवरचे साधे सोलर हे दाब सोसण्यासाठी बनवलेले नसतात. गार टाकी आणि सोलर यांच्यामध्ये पंप बसवला, तर पाणी व्हेंटमधून उडेल, नाहीतर टाकी फुटेल. पंप गरम पाणी सोसणारा घ्यावा आणि सोलरच्या पुढे, घरात उतरणाऱ्या लाइनीवर बसवावा. सोलरला येणारी गार लाइन तेवढे पाणी पुरवू शकेल एवढी मोठी असावी. आणि फक्त गरमलाच पंप लावला, तर मिक्सरमधली कुरघोडी उलट्या बाजूने सुरू होईल. म्हणून दोन्ही बाजूंना सारखा दाब द्यावा.

गिझर वापरणाऱ्यांसाठी

विजेच्या गिझरला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून थोडे ठिबकले, तर तो बिघाड नव्हे. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेले, तर पावशेर-दीडपावाहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटर वाढते. आपल्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सुटतो, तेव्हा कोणी त्याला बांधून ठेवतो का? १ लिटर पाण्याची वाफ झाली, तर ती सुमारे १६०० लिटर जागा मागते. सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करणे म्हणजे न्हाणीत बॉम्ब टांगण्यासारखे आहे. अखंड धार लागली असेल, तर मात्र बटण बंद करून माणूस बोलवावा. गिझरचा दाब एकाएकी कमी झाला, तर आत येणाऱ्या तोंडाजवळचा व्हॉल्व्ह आणि कांडीवरचा क्षार तपासून घ्यावा. हे काम वीज मुख्य बटणापासून तोडूनच करावे.

गॅस गिझरला पाण्याचा ठराविक दाब मिळाला नाही, तर तो पेटतच नाही. तो पेटावा म्हणून काहीजण आत स्क्रू फिरवतात, ते करू नये. कमी दाबावर चालणारा गिझर वेगळा मिळतो. आणि गॅस गिझर बंद न्हाणीत कधीही बसवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा.

भाजण्यापासून सांभाळा

उन्हाळ्यात सोलरचे पाणी ८० अंशांच्याही वर जाते. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांतच कातडी भाजते, लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची तर त्याहून लवकर. दाब कमी असलेल्या घरात एक धोका जादा असतो. एकाने मिक्सरवर पाणी कोमट केले आणि त्याच वेळी दुसऱ्याने स्वयंपाकघरात गार नळ सोडला, तर न्हाणीत एकदम कढत पाणी येते. म्हणून बादलीत आधी गार, मग गरम, हीच जुनी रीत बरी. शॉवरखाली मुलांना एकटे सोडू नये.

वर्षाचे वेळापत्रक

उसाची पाळी जशी आपण पंचांगासारखी पाळतो, तशी ही पाळावी :

पावसाळा संपता संपता : व्हेंट मोकळा आहे का पाहावे, सगळे व्हॉल्व्ह एकदा बंद-उघड करावेत, बादली-घड्याळाची मोजणी करून वहीत लिहावी. थंडीच्या आधी हे उरकावे.

कारखाना सुरू असताना : दर दोन महिन्यांनी नळाच्या जाळ्या धुवाव्यात.

हंगाम संपल्यावर : मार्च-एप्रिलमध्ये टाकीतला गाळ खालच्या तोटीने काढावा. हे काम सकाळी लवकर, नळ्या तापायच्या आत करावे. तापलेल्या रिकाम्या काचनळीत गार पाणी सोडले, तर ती तडकते.

गेल्या वर्षीची मोजणी आणि यंदाची मोजणी शेजारी शेजारी ठेवली, की क्षार किती वेगाने बसतो ते आपोआप कळते. दोन मिनिटांची बादली साडेतीन मिनिटांवर आली, तर पुढच्या वर्षाची वाट बघू नये.

शेवटी एक विनंती. आम्ही नळकारागीर नाही, आणि या लेखाने कोणी सभासद तसे होणार नाहीत. पण फिटर घरी आला, तर त्याच्यापुढे वही धरून "गार दोन मिनिटं, गरम पाच मिनिटं, फक्त वरच्या न्हाणीत" असे सांगणाऱ्या मालकाला कोणी उगीच नवी टाकी विकत नाही. गट ऑफिसात येताना ती वही घेऊन या. नोंदीचे काम झाले, की बसून पाहू. आणि आता आम्ही स्लॅबवर चढल्याशिवाय सल्ला देणार नाही, एवढा शब्द देतो.

कळावे,

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेती खाते